नाशिकहून परदेशी कॉम्प्युटर कॉन्फरन्सला: पेपर स्वीकारल्यापासून बिलं जमा करेपर्यंत

पेपर स्वीकारल्याची मेल येते तेव्हा कॉन्फरन्सला साधारण दोन ते तीन महिने उरलेले असतात. तेवढ्या वेळात नोंदणी, निमंत्रणपत्र, कॉलेजची परवानगी, अनुदान, व्हिसा आणि तिकीट एवढं सगळं उरकायचं असतं, आणि ही कामं एकमेकांत अडकलेली असतात. व्हिसाला निमंत्रणपत्र हवं, निमंत्रणपत्राला फी भरल्याची पावती हवी, आणि फी भरायला ज्या अनुदानाची वाट पाहताय त्याचा निकाल अजून लागलेला नसतो. या गाठी कुठून सोडवायच्या, ते या लेखात क्रमाने दिलं आहे. उदाहरण म्हणून जर्मनीतलं म्यूनिक घेतलं आहे, कारण तिथल्या तांत्रिक विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग, शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) आणि आसपासची पाहण्याजोगी ठिकाणं या तिन्हींचं चित्र एकाच गावात स्पष्ट होतं. देश बदलला तरी कामांचा क्रम फारसा बदलत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. कॉन्फरन्सला जोडून फिरायचं असेल तर ते दिवस पहिल्या अर्जापासून प्रत्येक कागदावर दिसले पाहिजेत. रजेच्या पत्रात एक तारीख, व्हिसाच्या फॉर्ममध्ये दुसरी आणि विम्यावर तिसरी, अशा विसंगतीमुळे चांगल्या पेपरचे लेखकही घरी राहतात.

पेपर पाठवण्याआधीच

आधी कॉन्फरन्स खरी आहे का ते पाहा. संगणकशास्त्रात जर्नलपेक्षा कॉन्फरन्सला जास्त मान असल्यामुळे तिच्या नावावर धंदा करणारेही बरेच आहेत. डीबीएलपी या संगणकशास्त्राच्या संदर्भसूचीत त्या कॉन्फरन्सची मागची पाच-सहा वर्षं सापडतात का, कॉन्फरन्सना दर्जा देणाऱ्या कोअर क्रमवारीत तिला ए-स्टार, ए, बी किंवा सी दर्जा आहे का, कार्यक्रम समितीतल्या लोकांच्या स्वतःच्या पानांवर तिचा उल्लेख आहे का, एवढं तपासायला अर्धा तास पुरतो. कोअरमध्ये नसलेली कॉन्फरन्स वाईटच असते असं नाही. नव्या कार्यशाळा तिथे नसतात. पण 'आठ दिवसांत स्वीकृती', 'संगणक, व्यवस्थापन, वैद्यक, सगळे विषय चालतील' आणि ठिकाण म्हणून एखादं पर्यटनाचं शहर, हे तीन एकत्र दिसले तर पैसे पाठवू नका.

दुसरं काम पासपोर्टचं. निकालाची वाट न पाहता, पेपर पाठवाल त्याच आठवड्यात अर्ज करा. धुळे, जळगाव, मालेगावहून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांचा इथे घोटाळा होतो. पोलीस पडताळणी सध्याच्या पत्त्यावर होते. फॉर्ममध्ये गावचा पत्ता लिहिला आणि पोलीस घरी आले तेव्हा तुम्ही नाशिकच्या होस्टेलवर असलात, तर शेरा प्रतिकूल जातो आणि महिनाभर वाया जातो. होस्टेलचा पत्ता द्यायचा असेल तर कॉलेजचं बोनाफाईड सोबत जोडा. शेंगेनसाठी पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत.

नाव: मराठी माणसाची खास अडचण

आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन नावं असतात. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव आधी छापलेलं असतं. पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात पहिली दोन नावं एकत्र येतात आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. पेपरवर मात्र आपण सुटसुटीत दोनच नावं लिहितो. व्हिसा अधिकाऱ्याच्या टेबलावर या तिन्ही रूपांतले कागद शेजारी शेजारी पडतात.

पेपरवर कसंही लिहा, पण कॉन्फरन्सची नोंदणी, निमंत्रणपत्र, विमा आणि तिकीट या चार ठिकाणी नाव पासपोर्टसारखंच हवं, स्पेलिंगसकट. तिकीट काढताना 'पहिलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं टाका. निमंत्रणपत्र मागताना एक ओळ वाढवा: पेपरवरचं लेखकाचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकाच व्यक्तीचं आहे, कृपया पत्रात दोन्ही नमूद करावीत. लग्नानंतर आडनाव बदललेल्या प्राध्यापिकांची अनेकदा पदवी एका नावाची, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा आणि पेपर तिसऱ्या नावाचा असतो. त्यांनी विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडावी आणि कव्हर लेटरमध्ये दोन ओळींत खुलासा करावा.

नोंदणी आणि फी

नोंदणीचं पान उघडल्यावर सगळ्यात स्वस्त पर्याय विद्यार्थ्याचा दिसतो. तो निवडण्याआधी 'लेखक नोंदणी'चा नियम वाचा. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अनेक कॉन्फरन्समध्ये प्रत्येक पेपरमागे निदान एक नोंदणी पूर्ण दराची लागते. विद्यार्थी दराने नोंदवलेला पेपर धरला जात नाही. काही ठिकाणी विद्यार्थी लेखकाला सूट असते. शंका असेल तर नोंदणी प्रमुखाला मेल करून लेखी उत्तर घ्या. त्याच पानावर गैरहजेरीचा नियमही असतो: नोंदणी झाली पण पेपर मांडायला कुणीच गेलं नाही, तर पेपर आयट्रिपलई एक्सप्लोअर या तिच्या ऑनलाइन संग्रहातून वगळला जाऊ शकतो. म्हणून व्हिसा नाकारला गेल्यास सहलेखक मांडू शकतो का, दूरस्थ सादरीकरण चालतं का, हे फी भरण्याआधीच विचारून ठेवा.

एसीएम (संगणकशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) किंवा आयट्रिपलईचं विद्यार्थी सदस्यत्व घेतल्याने फीमध्ये जेवढी सूट मिळते ती सदस्यत्वाच्या वर्गणीपेक्षा बहुतेक वेळा जास्त असते. आधी सदस्य व्हा, मग नोंदणी करा. उलट केलं तर फरक परत मिळत नाही. २०२६ पासून एसीएमचं सगळं प्रकाशन वाचकांना मोफत खुलं झालं आहे, म्हणून कॉलेजचा एसीएमशी करार नसेल तर लेखकाला प्रकाशन शुल्क पडतं का, हेही ग्रंथपालांकडून समजून घ्या. हा खर्च नोंदणीहून वेगळा असतो आणि बजेटमध्ये धरायचा राहून जातो.

फी भरताना व्यवहार फसण्याचं नेहमीचं कारण साधं असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादा फीपेक्षा थोडी जास्त ठेवा, आणि पैसे गेल्यावर पुन्हा बंद करा. बँक चलनबदलासाठी साधारण दोन ते साडेतीन टक्के लावते, तेवढे हिशोबात धरा. घरच्यांच्या कार्डावरून फी भरली तरी पावती तुमच्या आणि तुमच्या संस्थेच्या नावाने निघेल एवढं पाहा, नाहीतर प्रतिपूर्तीच्या वेळी अडेल.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये आहाराचा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका. शाकाहारी असाल तर तसं लिहा, आणि अंडी किंवा कांदा-लसूण चालत नसेल तर तेही स्पष्ट शब्दांत लिहा. युरोपात 'शाकाहारी' म्हटल्यावर अंडं वगळलं जात नाही.

पैसे कुठून येतील

विद्यार्थ्यांनी चार दारं एकाच वेळी ठोठवावीत. पहिलं दार कॉन्फरन्सचंच: बहुतेक मोठ्या कॉन्फरन्सना प्रवास अनुदान असतं, आणि त्याची मुदत पेपरच्या निकालानंतर दोन-तीन आठवड्यांतच संपते. दुसरं स्वयंसेवक होण्याचं. नोंदणीच्या टेबलावर आणि सभागृहांत काही तास काम करायचं आणि त्या बदल्यात फी माफ. यासाठी वेगळा अर्ज असतो आणि तो पेपर नसतानाही करता येतो. तिसरं दार एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस (भारतातली संगणकशास्त्र संशोधकांची संघटना) यांच्या प्रवास अनुदानाचं. चौथं विषयाच्या गटाचं: प्रोग्रामिंग भाषांमध्ये काम असेल तर सिगप्लॅन या एसीएमच्या गटाचा विद्यार्थ्यांसाठी निधी आहे. प्राध्यापकांनी सर्ब या संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्रीय मंडळाच्या जागी आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या चालू योजना पाहाव्यात, आणि विद्यापीठाच्या महाविद्यालय विकासाच्या योजनांसाठी प्राचार्यांमार्फत चौकशी करावी.

अनुदानाच्या पत्रात दोन गोष्टी शोधा. पैसे आगाऊ मिळणार की परतल्यावर? बहुतेक परतल्यावरच मिळतात, म्हणजे तेवढी रक्कम दोन-चार महिने स्वतःची गुंतवावी लागते. आणि कॉन्फरन्सनंतर थांबलात तर परतीचं तिकीट मान्य होतं का? 'फिरण्याच्या दिवसांचा राहण्या-खाण्याचा खर्च मी करीन, परतीच्या तिकिटाचा दर या दोन तारखांना इतका आहे,' असा तुलनेचा स्क्रीनशॉट जोडून आधीच लेखी मान्यता घेतली तर नंतर वाद होत नाही. तो स्क्रीनशॉट नंतर काढता येत नाही, कारण तोवर दर बदललेला असतो.

तारखा

फिरणं कॉन्फरन्सच्या आधी ठेवू नका. पेपर मांडायचा बाकी असताना संग्रहालयात मन लागत नाही, शिवाय विमानाला उशीर झाला किंवा सामान हरवलं तर पहिला दिवसच बुडतो. एक दिवस आधी पोहोचा, झोप पूर्ण करा, आणि शेवटच्या सत्रानंतर तीन ते पाच दिवस ठेवा. जर्मनीची वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे आहे; पहिले दोन दिवस पहाटे चारला जाग येते, हे गृहीत धरा.

म्यूनिकपुरती एक खबरदारी. सप्टेंबरच्या मध्यानंतर सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालणाऱ्या ऑक्टोबरफेस्टमध्ये खोल्यांचे दर कित्येक पट होतात. कॉन्फरन्स त्याला लागून असेल तर फिरण्याचे दिवस दुसऱ्या गावात ठेवा. आणि आपल्याकडची: ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या दिवसांत नाशिकरोड स्टेशन गाठणं आणि मुंबईकडे गाडी काढणं दोन्ही जिकिरीचं होईल, तेव्हा एक दिवस आधीच मुंबईला मुक्काम करावा.

तारखा ठरल्या की कॉलेजकडून एकच पत्र घ्या, ज्यात कॉन्फरन्सचे दिवस आणि वैयक्तिक रजेचे दिवस वेगवेगळे लिहिलेले असतील आणि 'या संपूर्ण काळासाठी संस्थेची हरकत नाही' असं वाक्य असेल.

व्हिसा

निमंत्रणपत्र कॉन्फरन्सच्या नोंदणीनंतर मिळतं. एसीएमच्या कॉन्फरन्ससाठी ते स्थानिक आयोजक देत नाहीत, एसीएमचं मुख्य कार्यालय देतं. त्याला दहा-एक कामाचे दिवस धरा. मागणी करताना पेपरचं नाव, नोंदणी क्रमांक आणि पासपोर्टवरचा तपशील द्या. या पत्रात खर्चाची हमी नसते, म्हणून पैशांचे कागद आपले आपणच भक्कम करायचे.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो. निर्णयाला पंधरा दिवस लागतात, आणि जास्त चौकशी निघाली तर पंचेचाळीसपर्यंत जातात. एप्रिल ते जुलै सुट्ट्यांच्या गर्दीत अपॉइंटमेंटच महिनाभर पुढची मिळते. म्हणून निमंत्रणपत्राची वाट पाहत बसू नका. नोंदणी झाली त्याच दिवशी अपॉइंटमेंट घ्या, पत्र मधल्या काळात येतं. प्रौढांसाठी फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जिथे मुख्य कारण आहे आणि जास्त दिवस आहेत तिथे. कॉन्फरन्स म्यूनिकला चार दिवस आणि नंतर ऑस्ट्रियात दोन, तर जर्मनी. पण कॉन्फरन्स तीन दिवसांची आणि पॅरिसला सहा दिवस असं केलंत, तर जर्मनीच्या अधिकाऱ्याला तो अर्ज फ्रान्सचा वाटू शकतो. दुसऱ्या देशातलं फिरणं नेहमी कॉन्फरन्सपेक्षा लहान ठेवा. अर्ज सरळ जातो. शेंगेनबाहेर जाऊन परत यायचं असेल, समजा मध्ये लंडन, तर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा व्हिसा मागावा लागतो, आणि ब्रिटनचा व्हिसा पूर्ण वेगळा असतो.

फाईल अशी लावा: फॉर्म, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, कव्हर लेटर, निमंत्रणपत्र, नोंदणीची पावती, पेपर स्वीकारल्याची मेल, कॉलेजचं पत्र, दिवसवार आराखडा, तिकिटाचं आरक्षण, राहण्याचं बुकिंग, विमा, बँकेचं शिक्कामोर्तब केलेलं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्रं. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि परतीनंतर एक-दोन दिवस जास्त असलेला घ्या. विद्यार्थ्याचा खर्च आई-वडील करत असतील तर त्यांचं हमीपत्र, त्यांची विवरणपत्रं आणि नातं दाखवणारा कागद जोडा. शेतीचं उत्पन्न असलेल्या घरांत विवरणपत्रं नसतात; तिथे सातबारा, बाजार समितीच्या किंवा द्राक्ष निर्यातदाराच्या पट्ट्या, आणि ते पैसे जमा झालेल्या खात्याचं स्टेटमेंट द्यावं, आणि कव्हर लेटरमध्ये दोन वाक्यांत ते समजावावं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम आणून टाकू नका. अधिकारी शेवटची शिल्लक पाहत नाही, तीन महिन्यांची चाल पाहतो.

कव्हर लेटर एका पानाचं पुरे. कोण आहात, पेपर कशावर आहे हे सामान्य माणसाला कळेल असं एका वाक्यात, कोणत्या तारखेला कुठे असाल, खर्च कोण करतो, आणि परत येऊन काय करायचं आहे. विद्यार्थ्याने पुढच्या सत्राच्या परीक्षेची तारीख लिहावी; परत येण्याचा याहून पक्का पुरावा त्याच्याकडे नसतो.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणजे मुंबईची फेरी आली. काही देशांसाठी पुणंही चालतं. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून सुटणारी पंचवटी एक्स्प्रेस धरलीत तर अपॉइंटमेंट दुपारी बारानंतरची घ्या. पावसाळ्यात कसाऱ्याच्या बाजूला गाड्या रखडतात, तेव्हा आदल्या रात्री पोहोचणं बरं. केंद्रात लॅपटॉप आणि मोठी बॅग नेऊ देत नाहीत. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. पासपोर्ट परत येताना कुरिअरचा पर्याय घ्या, दुसरी फेरी वाचते.

व्हिसा हातात आला की लगेच तीन गोष्टी वाचा: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती दिवस, किती वेळा प्रवेश. चूक असेल तर ती आजच कळवा. विमानतळावर ती दुरुस्त होत नाही.

तिकीट आणि विमानतळापर्यंत

व्हिसाआधी परत न मिळणारं तिकीट काढू नका. रद्द करता येणारं किंवा आरक्षण म्हणून काही दिवस धरून ठेवता येणारं तिकीट अर्जाला पुरतं. शेंगेनमध्ये पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन होतं. ऑक्टोबर २०२५ पासून नवी नोंदणी पद्धत सुरू झाल्याने तिथे फोटो आणि ठसे घेतले जातात आणि रांग लांबते. पुढचं विमान धरायचं असेल तर मध्ये निदान अडीच तास ठेवा. दोन वेगवेगळी तिकिटं जोडू नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. नाशिकच्या ओझर विमानतळावरून देशांतर्गत विमानाने दिल्ली गाठून पुढे जाण्याचा विचार असेल तर तेही एकाच तिकिटावर असेल तरच करा.

युरोपची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १० तारखेचे दोन वाजून दहा मिनिटं असतील तर नाशिकहून निघायचं ९ तारखेला दुपारी. ही चूक दर वर्षी कुणाची ना कुणाची होतेच. तिकीट आल्यावर घरातल्या कॅलेंडरवर निघण्याची वेळ लिहा, विमानाची नाही. विमानतळावर तीन तास आधी, रस्त्याला साडेचार-पाच तास, पावसाळ्यात आणखी दोन. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्याने कसारा घाट टळतो, पण आमणे ओलांडल्यावर भिवंडी-ठाण्याची कोंडी तशीच आहे. ट्रेनने गेलात तर ठाण्याला उतरून टॅक्सी घ्या.

बॅगेत काय

लॅपटॉपचा यूएसबी-सी ते एचडीएमआय जोड स्वतःचा न्या. जर्मनीचे सॉकेट दोन गोल पिनांचे आहेत. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडचे वेगळे. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, १०० वॉट-अवरपर्यंत. २०,००० एमएएचची बहुतेक ७४ वॉट-अवरची असते, ती चालते, पण तिच्यावर आकडा छापलेला हवा.

पोस्टर असेल तर माप पाहूनच छापा. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. उभं की आडवं ते आयोजकांच्या पानावर असतं. फ्लेक्सवर छापू नका, तो जड असतो आणि गुंडाळून वळ पडतात. कापडावर छापलं की घडी घालून कपड्यांत जातं आणि नळी सांभाळावी लागत नाही.

खाऊबाबत नियम कडक आहेत. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत: पेढे, बर्फी, पनीर, तूप घरीच ठेवा. ताजी द्राक्षंही नेऊ नका. बहुतेक ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. चिवडा, खाकरे, थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि मनुका चालतात. आयोजकांना भेट द्यायची असेल तर नाशिकच्या मनुकांचं पाकीट छान.

रोख २००-३०० युरो आणि उरलेलं फॉरेक्स कार्डवर, म्हणजे आधीच परकीय चलन भरलेल्या कार्डवर. परदेशात कार्ड घासल्यावर यंत्र विचारतं: युरोत की रुपयांत? नेहमी युरो निवडा. रुपयांत घेतलेला दर दुकानदाराच्या बँकेचा असतो आणि तो महाग पडतो.

कॉलेजला एड्युरोम (जगभरच्या विद्यापीठांत चालणारं सामायिक वाय-फाय) असेल तर ते नाशिकमध्येच फोनवर बसवून, चालतं का पाहून जा. तिथे गेल्यावर पासवर्ड विसरला तर इथून मदत मिळवणं अवघड जातं.

सभागृहात

आपल्या सत्राच्या आधीच्या मधल्या सुट्टीत सत्राध्यक्षांना भेटा, लॅपटॉप जोडून पाहा, आणि स्वतःच्या नावाचा उच्चार सांगा. स्लाइडची पीडीएफ पेनड्राइव्हवर वेगळी ठेवा; फॉन्ट बिघडले, व्हिडिओ अडला, तर तीच वाचवते. वेळ वीस मिनिटांची असेल तर सोळाची तयारी करा. परक्या श्रोत्यांसमोर आपण नेहमीपेक्षा जलद बोलतो, म्हणून सरावात प्रत्येक स्लाइडनंतर एक श्वास थांबायची सवय लावा. प्रश्न कळला नाही तर 'तुम्ही असं विचारताय का' म्हणून आपल्या शब्दांत परत विचारा. त्यात कमीपणा काहीच नाही.

कार्यक्रम आदल्या रात्री वाचून रोज तीन पेपर निवडा, ज्यांचे लेखक तुम्हाला भेटायचेच आहेत. त्यांचा सारांश वाचून एकेक प्रश्न वहीत लिहा. मोठमोठ्या नावांभोवती गर्दी असते. त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडे वेळ असतो आणि पुढे कामही त्यांच्याशीच पडतं. शेवटच्या दिवशी उपस्थितीचं प्रमाणपत्र सहीसकट घेऊन निघा.

म्यूनिक आणि आसपास

विमानतळावरून शहरात एस-१ किंवा एस-८ लोकल पाऊण तासात आणते. विद्यापीठाचा गार्शिंग परिसर यू-६ मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनावर आहे, शहराच्या मध्यापासून अर्ध्या तासावर. गणित-संगणकशास्त्राच्या इमारतीत वरच्या मजल्यावरून खाली येणाऱ्या परवलयाच्या आकाराच्या दोन घसरगुंड्या आहेत. गेलात तर बघाच. कागदी तिकिटावर प्रवासाआधी शिक्का मारावा लागतो. फाटक नसतं म्हणून विसरायला होतं, आणि तपासनीस आला की ६० युरो दंड. डॉइचलांड तिकीट जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरोला आहे. त्यात लोकल, मेट्रो, बस, प्रादेशिक गाड्या सगळं येतं, पण आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या येत नाहीत. ते वर्गणी पद्धतीचं असल्याने महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. जाण्याआधीच रद्द करण्याची आठवण फोनवर लावा.

संगणकाच्या माणसाने इथे डॉइचेस म्युझियमला एक अख्खा दिवस द्यावा. इझार नदीतल्या बेटावर असलेलं, १९०३ मध्ये स्थापन झालेलं हे संग्रहालय आहे आणि सुरुवातीचे संगणक बांधणाऱ्या जर्मन अभियंता कॉनराड झुसेचं झेड-४ हे मूळ यंत्र त्याच्या संग्रहात आहे. झुसेचं १९४१ चं झेड-३ बॉम्बहल्ल्यात नष्ट झालं. इथे आहे ती नंतर बांधलेली प्रतिकृती. झेड-४ मात्र युद्धाच्या शेवटी बर्लिनमधून हलवून बव्हेरियात आणलं गेलं, म्हणून ते वाचलं, आणि १९५० मध्ये झुरिकच्या तांत्रिक विद्यापीठात कामाला लागलं. इमारतीचं नूतनीकरण टप्प्याटप्प्याने चालू असल्याने कोणती दालनं उघडी आहेत ते आदल्या दिवशी संकेतस्थळावर पाहा.

त्या गोष्टीचा धागा धरून दुसऱ्या दिवशी फ्युसेनला जाता येतं. म्यूनिकहून प्रादेशिक गाडीने दोन तास. युद्धानंतर झुसेने मुक्काम केलेलं होप्फराऊ गाव फ्युसेनजवळच आहे. बहुतेक लोक मात्र इथे नॉयश्वानश्टाइनसाठी येतात: राजा लुडविग दुसऱ्याने १८६९ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, जुलै २०२५ पासून जागतिक वारसा. प्रवेश ठरलेल्या मिनिटाचा असतो. तिकीट ऑनलाइन आधी काढा आणि स्टेशनवरून बस, मग पायी चढ यासाठी सव्वा तास धरा. वेळ हुकली की तिकीट गेलं. त्र्यंबकला ब्रह्मगिरी चढलेल्याला हा चढ काहीच नाही, पण हिवाळ्यात रस्ता निसरडा असतो आणि किल्ल्याजवळचा वरचा पूल बंद ठेवतात.

साल्झबुर्ग पावणेदोन-दोन तासांवर, ऑस्ट्रियात, आणि डॉइचलांड तिकीट तिथल्या मुख्य स्टेशनापर्यंत चालतं. परतताना जर्मन पोलीस गाडीत तपासणी करू शकतात, तेव्हा मूळ पासपोर्ट खिशात हवा, फोटो चालत नाही. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी फळं, ब्रेड, दही घेऊन ठेवा.

कॉन्फरन्स दुसऱ्या गावात असेल तर हेच डोळे ठेवून शोधा. बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयात झुसेने स्वतः पुन्हा बांधलेलं झेड-१ आहे. पाडरबोर्नला हाइन्झ निक्सडॉर्फ संग्रहालय, बॉनला गणकयंत्रांचं अरिथमेउम, पॅरिसच्या आर्ट्स ए मेटिए संग्रहालयात पास्कलची गणकयंत्रं. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये बॅबेजच्या आराखड्यावरून १९९१ मध्ये पूर्ण केलेलं डिफरन्स इंजिन क्रमांक २ आहे आणि प्रवेश मोफत. लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून दुसऱ्या महायुद्धातलं सांकेतिक संदेश उलगडण्याचं केंद्र ब्लेचली पार्क तासाभराच्या आत. पण त्या कामासाठी बांधलेल्या कोलोसस यंत्राची चालती पुनर्बांधणी आहे ती शेजारच्या नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंगमध्ये, तिचं तिकीट वेगळं आणि ते आठवड्यातले सगळे दिवस उघडं नसतं. दिवस जुळवल्याशिवाय जाऊ नका. युरोपातली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार बागा आणि डोंगरांसाठी ठेवा.

परतल्यावर

बोर्डिंग पास फेकू नका. सरकारी अनुदानाला दोन्ही बाजूंचे लागतात, आणि फोनवरचा पास उड्डाणानंतर ॲपमधून गायब होतो, म्हणून स्क्रीनशॉट घ्या किंवा काउंटरवर कागदी मागा. तिकिटाचं बीजक, नोंदणीची पावती, राहण्याचं बिल, चलन घेतल्याची पावती आणि उपस्थिती प्रमाणपत्र एका पाकिटात ठेवून परतल्यापासून आठवड्याभरात दावा करा. जर्मन भाषेतल्या बिलावर पेन्सिलने काय आहे ते मराठीत किंवा इंग्रजीत लिहा. लेखा विभागाचा प्रश्न आधीच मिटतो. फॉरेक्स कार्डवर उरलेली रक्कम बँकेकडून परत घ्या. ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांना त्याच आठवड्यात, झालेल्या बोलण्याचा नेमका संदर्भ देऊन, चार ओळींची मेल करा आणि पेपरची प्रत जोडा. व्हिसाची मुदत पाळून परतल्यावर पासपोर्टवरचं व्हिसाचं पान आणि बोर्डिंग पास स्कॅन करून ठेवा. पुढच्या शेंगेन अर्जात त्यांचा उपयोग होतो, कारण एप्रिल २०२४ पासून भारतीयांना तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाने वापरल्यानंतर दोन वर्षांचा, अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा मिळू शकतो.